गुहा-अस्वलाची हाडे आणि प्रागैतिहासिक मानव : वापर, संस्करण आणि पुराव्याचे वाचन

प्रास्ताविक

प्रागैतिहासिक काळाच्या अभ्यासात लिखित साधने नसतात. दगड, हाड, राख आणि माती एवढीच साधनसामग्री अभ्यासकाच्या हाती असते. यांपैकी दगडी अवजारांचा अभ्यास सर्वांत जुना व सर्वांत व्यवस्थित आहे. हाडांच्या बाबतीत मात्र एक मूलभूत अडचण आहे. दगड आपणहून अवजार होत नाही, त्याला बहुधा मानवी हाताची गरज लागते. हाड मात्र मानवाच्या स्पर्शावाचूनही तुटते, घासले जाते, त्याला छिद्रे पडतात, ते गुळगुळीत होते आणि पुष्कळदा हुबेहूब अवजारासारखे दिसू लागते. त्यामुळे एखाद्या हाडावरील खूण मानवाची की निसर्गाची, हा प्रश्न सोडविल्याशिवाय त्या हाडावरून इतिहास लिहिता येत नाही.

युरोपातील गुहा-अस्वलाच्या हाडांच्या संदर्भात हा प्रश्न जितक्या तीव्रतेने उपस्थित झाला तितका क्वचितच अन्य प्राण्याच्या बाबतीत झाला असेल. या हाडांवरून विसाव्या शतकात आल्प्स पर्वतातील एका स्वतंत्र 'अस्थी-संस्कृती'ची मांडणी झाली, जगातील आद्य धर्माची कल्पना रचली गेली आणि जगातील सर्वांत जुन्या वाद्याचा दावाही केला गेला. यांपैकी पहिली मांडणी मागे पडली, दुसरी बहुतांश अभ्यासकांनी सोडून दिली आणि तिसरीवर आजही एकमत नाही. याच काळात प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाखाली अगदी वेगळे, लहान परंतु भक्कम पुरावे जमा होत गेले. प्रस्तुत निबंधात गुहा-अस्वलाच्या हाडांचा प्रागैतिहासिक मानवाने केलेला वापर आणि त्या वापराविषयीच्या दाव्यांची झालेली चिकित्सा या दोहोंचा एकत्रित विचार केला आहे. ज्या चिकित्सेने या हाडांतून मानवाला बाहेर काढले, त्याच चिकित्सेने पुढे त्याला अधिक खात्रीने परत आणले, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न आहे.

गुहा-अस्वल आणि त्याच्या हाडांचे साठे

जर्मनीतील फ्रँकोनिया प्रदेशात असलेल्या गुहांमध्ये मोठमोठी हाडे सापडतात हे अठराव्या शतकात सर्वज्ञात होते. योहान फ्रीडरिश एस्पर या धर्मोपदेशकाने १७७४ मध्ये या गुहांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. ही हाडे ध्रुवीय अस्वलाची असावीत असा त्याचा कयास होता. अस्वलाच्या हाडांसोबत त्याला काही मानवी हाडेही आढळली होती. ती या नष्ट झालेल्या प्राण्यांच्या काळातील आहेत की नंतर योगायोगाने तेथे आली, हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि योगायोगाच्या बाजूने त्याने तो निकालात काढला. मानव आणि गुहा-अस्वल यांच्या संबंधाचा प्रश्न असा या विषयाच्या अगदी आरंभापासूनच उभा आहे. पुढे १७९४ मध्ये योहान क्रिस्टियान रोझेनम्यूलर यांनी हा प्राणी आजच्या कोणत्याही अस्वलाहून वेगळा असल्याचे दाखवून त्याला 'उर्सुस स्पेलेउस' म्हणजे 'गुहेतील अस्वल' असे नाव दिले.

हे अस्वल आजच्या तपकिरी अस्वलापेक्षा सामान्यतः मोठे होते. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ४०० ते ५०० किलोग्रॅम असे. त्याच्या रुंद दाढा आणि हाडांतील समस्थानिकांचे प्रमाण यांवरून तो मुख्यतः वनस्पतींवर जगत असे, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. हिवाळ्यातील दीर्घ निद्रेसाठी तो गुहेत शिरत असे. उन्हाळ्यात पुरेशी चरबी साठली नाही, तर अशक्त, म्हातारी किंवा अगदी लहान अस्वले निद्रेतच मरत. एखाद्या गुहेत दरवर्षी एकदोनच अस्वले मेली असे मानले, तरी हजारो वर्षांच्या कालावधीत तेथे हाडांचा प्रचंड साठा तयार होतो. त्यासाठी शिकाऱ्याची गरज नाही.

या साठ्यांच्या आकाराची कल्पना ऑस्ट्रियातील मिक्सनित्स गावाजवळच्या ड्राखेनह्योले या गुहेवरून येते. या नावाचा अर्थ 'ड्रॅगनची गुहा' असा आहे. अशा गुहांतील अवाढव्य हाडे ड्रॅगनची आहेत, अशी लोकसमजूत दीर्घकाळ होती. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात खतांची टंचाई निर्माण झाली, तेव्हा १९२० ते १९२३ या काळात फॉस्फेटसाठी या गुहेतील माती उपसण्यात आली. त्यासोबत चाललेल्या अभ्यासात तेथे ३० ते ५० हजार अस्वलांचे अवशेष असावेत, असा अंदाज मांडण्यात आला. गुहा-अस्वलाच्या हाडांचा सर्वांत मोठा वापर अशा रीतीने विसाव्या शतकातील मानवाने आपल्या शेतांसाठी केला. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ही हानी भरून न येणारी होती. तथापि या प्रकरणातून मिळालेला धडा महत्त्वाचा आहे. गुहेत अस्वलांची हाडे पुष्कळ आहेत, एवढ्यावरून तेथे मानव होता असे म्हणता येत नाही.

आल्प्समधील 'अस्थी-संस्कृती' आणि अस्वल-पूजेची कल्पना

नेमका हाच धडा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दुर्लक्षित राहिला. स्वित्झर्लंडमधील सेंट गालेन येथील संग्रहालयाचे प्रमुख एमिल बेख्लर यांनी १९०४ पासून विल्डकिर्खली या गुहेत उत्खनन केले. तेथे दगडी अवजारे आणि गुहा-अस्वलाची हाडे एकत्र सापडली. एवढ्या उंचीवर निअँडरथल मानवाचा वावर होता हे सिद्ध झाल्याने या शोधाला साहजिकच महत्त्व आले. पुढे १९१७ ते १९२३ या काळात वेटिस या गावाच्या वर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवरील ड्राखेनलोख या गुहेत त्यांनी काम केले. स्थानिक शाळाशिक्षक थिओफिल निग यांचा या कामात प्रत्यक्ष सहभाग होता.

ड्राखेनलोखमध्ये बेख्लर यांना दोन प्रकारचे पुरावे दिसले. पहिला प्रकार हाडांच्या 'अवजारां'चा. अस्वलाच्या हाडांचे असंख्य तुकडे कडांवर झिजलेले व गुळगुळीत होते. कातडे सोलण्यासाठी व घासण्यासाठी ते वापरले गेले असावेत, असे त्यांनी मानले. दगडी अवजारांच्या दुर्भिक्षामुळे येथील मानव हाडांवर अवलंबून होता, अशी ही मांडणी होती. दुसरा प्रकार अधिक रोमहर्षक होता. दगडी लाद्यांनी केलेल्या पेटीसारख्या रचनेत अस्वलाच्या कवट्या ठेवलेल्या होत्या, काही कवट्या भिंतीलगत मांडलेल्या होत्या आणि एका कवटीच्या गालाच्या कमानीतून मांडीचे हाड आरपार घातलेले होते, असे त्यांनी नोंदविले. जर्मनीतील पीटर्सह्योले या गुहेतही कोनाड्यांत कवट्या ठेवलेल्या असल्याचा दावा कोनराड ह्योर्मान यांनी याच सुमारास केला. यातून निअँडरथल मानव अस्वलाची पूजा करीत असे, ही कल्पना दृढ झाली.

ही कल्पना एवढ्या सहजतेने का स्वीकारली गेली, हेही समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ इर्विंग हॅलोवेल यांनी १९२६ मध्ये उत्तर गोलार्धातील अस्वलविषयक विधींचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला होता. जपानमधील आयनू लोकांचा अस्वल-विधी युरोपीय वाचकांना परिचित झाला होता. वर्तमान जमातींच्या प्रथा सरळ भूतकाळात नेऊन ठेवणे ही त्या काळातील रूढ पद्धती होती. त्यामुळे गुहेतील कवट्यांचा अर्थ शोधताना उत्तर आधीच तयार होते. पुढे १९८० मध्ये जीन ऑउल यांच्या 'द क्लॅन ऑफ द केव्ह बेअर' या कादंबरीने अस्वल-पूजक निअँडरथलांचे चित्र जगभरच्या सामान्य वाचकांपर्यंत पोहोचविले. तोपर्यंत अभ्यासकांच्या वर्तुळात त्या चित्राचा पाया पुरता डळमळला होता.

कोबी यांचा आक्षेप आणि हाड वाचण्याचे नवे निकष

बेख्लर यांच्या मांडणीवर सर्वांत परिणामकारक आघात केला तो फ्रेडरिक-एदुआर कोबी यांनी. कोबी हे व्यवसायाने बाझल येथील नेत्रतज्ज्ञ होते. सूक्ष्म निरीक्षणाची सवय त्यांना व्यवसायातूनच लागली असणे शक्य आहे. १९४३ मध्ये त्यांनी आल्प्समधील तथाकथित अस्थी-अवजारांची चिकित्सा करणारा निबंध प्रसिद्ध केला. अस्वलांच्या कित्येक पिढ्या एकाच गुहेत ये-जा करतात, निजण्यासाठी जमीन उकरतात, पूर्वी मेलेल्या अस्वलांची हाडे त्यांच्या पायांखाली चिरडली जातात आणि कोरड्या मातीत व खडकांवर घासली जातात. या प्रक्रियेला त्यांनी 'कोरडे वहन' असे म्हटले. हाडांच्या कडा गुळगुळीत होण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे. ज्यांना अवजारे समजले गेले ते तुकडे अस्वलांनीच नकळत 'घडविले' होते.

कवट्यांच्या मांडणीबाबतही अशाच शंका उपस्थित झाल्या. जमीन उकरणारे अस्वल सैल हाडे बाजूला लोटते, त्यामुळे ती भिंतीलगत व कोनाड्यांत जाऊन साचतात. कवटी हे आकाराने गोल व मजबूत हाड असल्याने ते टिकते आणि नजरेत भरते. छतावरून पडलेल्या लाद्यांमध्ये अडकलेली कवटी पेटीत ठेवल्यासारखी दिसू शकते. शिवाय ड्राखेनलोखमधील दगडी पेटीचे मूळ जागेवरील छायाचित्र उपलब्ध नाही आणि बेख्लर यांनी वेगवेगळ्या वर्षी प्रसिद्ध केलेली तिची आरेखने परस्परांशी पूर्णपणे जुळत नाहीत. फ्रेंच प्रागितिहासकार आंद्रे लरुआ-गुराँ आणि फिनिश पुराजीवशास्त्रज्ञ ब्यॉर्न कुर्तेन या दोघांनीही अस्वल-पूजेच्या पुराव्याविषयी गंभीर शंका व्यक्त केल्या. कुर्तेन यांचा गुहा-अस्वलावरील ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा वाद एका व्यापक परिवर्तनाचा भाग होता. प्राण्याच्या मृत्यूपासून त्याचे हाड उत्खनकाच्या हाती येईपर्यंत त्यावर काय काय घडले, याचा शोध घेणाऱ्या शास्त्राला रशियन पुराजीवशास्त्रज्ञ इव्हान येफ्रेमोव्ह यांनी १९४० मध्ये 'टॅफोनॉमी' असे नाव दिले. दक्षिण आफ्रिकेत रेमंड डार्ट यांनी मकापान्सगाट येथील हाडे, दात व शिंगे यांना आद्यमानवाची शस्त्रे मानले होते. सी. के. ब्रेन यांच्या दीर्घ संशोधनातून अशा साठ्यांमागे मांसाहारी प्राण्यांचा हात असल्याचे स्पष्ट झाले. १९८१ मध्ये ब्रेन व लुईस बिन्फर्ड या दोघांचेही यासंबंधीचे महत्त्वाचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. त्यानंतर हाडाला 'अवजार' म्हणण्यापूर्वी अन्य सर्व शक्यता तपासून पाहणे हा शिस्तीचा भाग बनला.

या शिस्तीचे प्रमुख निकष थोडक्यात असे सांगता येतील. दगडी पात्याने केलेली खूण सूक्ष्मदर्शकाखाली अरुंद व इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराची दिसते आणि तिच्या तळाशी बारीक समांतर रेषा आढळतात. दातांनी पडलेली खूण उथळ व गोलसर तळाची असते. ताजे हाड फोडले असता त्याची भंगरेषा तिरकस, वळणदार व गुळगुळीत असते, तर सुकलेले हाड काटकोनात व खडबडीत तुटते. याहून महत्त्वाचा निकष म्हणजे खुणेचे स्थान. सांध्याजवळच्या खुणा अवयव वेगळे केल्याचे, मांसल भागावरच्या खुणा मांस काढल्याचे आणि पंज्यावरच्या खुणा कातडे सोलल्याचे सुचवितात. खूण आणि शरीररचना यांचा मेळ बसला, तरच त्या खुणेमागे हेतू होता असे म्हणता येते.

दिव्ये बाबे येथील छिद्रे असलेले हाड

हे निकष रूढ झाल्यानंतरही मतभेद संपत नाहीत, याचे उदाहरण म्हणजे स्लोव्हेनियातील दिव्ये बाबे येथील हाड. इव्हान तुर्क यांच्या नेतृत्वाखालील उत्खननात १९९५ मध्ये गुहा-अस्वलाच्या पिलाच्या मांडीच्या हाडाचा सुमारे ११ सेंटिमीटर लांबीचा तुकडा मिळाला. त्यावर दोन पूर्ण छिद्रे असून तुटलेल्या टोकांजवळ आणखी छिद्रांचे अर्धवट अंश दिसतात. छिद्रे एका ओळीत आहेत. ज्या थरात हे हाड मिळाले तो निअँडरथल काळातील असून त्याचे वय ५० ते ६० हजार वर्षे सांगितले जाते. तुर्क यांनी हे हाड बासरी असावी असे प्रतिपादन केले.

१९९८ मध्ये एकीकडे फ्रांचेस्को देरिको व त्यांचे सहकारी आणि दुसरीकडे फिलिप चेस व एप्रिल नोवेल यांनी स्वतंत्रपणे या दाव्याला आव्हान दिले. हाडाच्या दोन्ही टोकांवर मांसाहारी प्राण्याने कुरतडल्याच्या खुणा आहेत आणि अशीच छिद्रे मानवी वावर नसलेल्या गुहांतील अस्वलांच्या हाडांवरही आढळतात, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. २०१५ मध्ये काजुस डीडरिश यांनी अशी छिद्रे तरसाच्या दाढांमुळे पडतात, असे मत मांडले. याउलट तुर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांच्या आधारे असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, दातांच्या दाबाने पिलाचे हाड बहुधा चिरते आणि दगडी अवजारांनी असे छिद्र पाडणे शक्य आहे. या हाडाच्या प्रतिकृतीवर संगीतही वाजवून दाखविण्यात आले. तथापि एखाद्या वस्तूतून सूर निघतो, यावरून ती त्यासाठीच घडविली होती असे सिद्ध होत नाही. ल्युब्लियाना येथील स्लोव्हेनियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात ही वस्तू निअँडरथलांची बासरी म्हणून प्रदर्शित आहे आणि तिला राष्ट्रीय अभिमानाचे स्थान लाभले आहे. अशा वेळी पुराव्याविषयीचा वाद केवळ पुराव्यापुरता राहत नाही.

येथे दोन तुलना उपयुक्त ठरतात. स्लोव्हेनियातीलच पोतोच्का झियाल्का या उंचावरील गुहेत स्रेच्को ब्रोदार यांनी १९२८ ते १९३५ या काळात उत्खनन केले. तेथे गुहा-अस्वलाचे छिद्रे असलेले जबडे मिळाले आणि त्यांनाही काहींनी वाद्ये मानले. त्याच गुहेत उत्तर पुराश्मयुगीन मानवाने हाडांपासून बनविलेली शंभरांहून अधिक टोके मिळाली. त्यांच्या मानवनिर्मितीबद्दल शंका घेतली जात नाही. दुसरी तुलना जर्मनीतील होले फेल्स गुहेत २००८ मध्ये सापडलेल्या बासरीची. गिधाडाच्या पंखाच्या हाडापासून केलेल्या या बासरीला पाच छिद्रे आहेत. छिद्रांभोवतीचा पृष्ठभाग तासलेला आहे आणि फुंकण्याच्या टोकाला खाचा केलेल्या आहेत. जेथे मानवाने हाडाला हेतुपूर्वक आकार दिला आहे, तेथे हेतूची साक्ष एका छिद्रात नसून पूर्ण प्रक्रियेत मिळते. दिव्ये बाबेच्या हाडाबाबत नेमकी ही प्रक्रिया स्पष्टपणे दिसत नाही. म्हणून तो दावा खोटा ठरत नाही, परंतु त्यावर मोठी इमारत उभारता येत नाही.

भक्कम पुरावे : कातडे, मांस, अवजार आणि अलंकार

मोठे दावे मागे पडल्यानंतर गुहा-अस्वल आणि मानव यांच्यात काही संबंधच नव्हता, असा निष्कर्ष काढण्याची प्रवृत्ती काही काळ दिसून आली. गेल्या पंचवीस वर्षांतील अभ्यासांनी तीही चुकीची ठरविली आहे.

सर्वांत प्राचीन पुराव्यांपैकी एक उत्तर जर्मनीतील श्योनिंगेन या स्थळावरचा आहे. लाकडी भाल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीच्या स्थळावरील गुहा-अस्वलाच्या पायाच्या व बोटाच्या हाडांवर कापाच्या सूक्ष्म खुणा असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदविले गेले. पंज्यावर मांस फारच थोडे असते. तेथे काळजीपूर्वक केलेला काप कातडे सोलण्यासाठीच असणार. केस टिकलेले चांगले कातडे मिळवायचे, तर प्राणी मेल्यानंतर लगेचच ते सोलावे लागते. त्यावरून अस्वलाचा मृतदेह मानवाच्या हाती ताजा असतानाच आला होता आणि कदाचित त्याची शिकारही झाली असावी, असे अनुमान निघते. थंड प्रदेशात मानव कसा तगून राहिला या प्रश्नाचे अंशतः उत्तर बोटाच्या एका लहानशा हाडावर मिळते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

उत्तर इटलीतील रिओ सेक्को आणि फुमाने या गुहांतील अस्वलांच्या हाडांचा मातेओ रोमांदिनी व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे तपकिरी अस्वल आणि गुहा-अस्वल या दोहोंच्या हाडांवर कातडे सोलणे, सांधे वेगळे करणे, मांस काढणे आणि मज्जेसाठी हाड फोडणे या सर्व टप्प्यांच्या खुणा आढळल्या. निअँडरथल मानव शीतनिद्रेतील किंवा नुकत्याच जाग्या झालेल्या अस्वलांना त्यांच्या गुहांजवळ गाठत असे, असे या अभ्यासकांचे मत आहे.

हाडाचा अवजार म्हणून झालेला वापरही आता निश्चित झाला आहे. मात्र तो बेख्लर यांनी कल्पिलेल्या प्रकारचा नाही. दगडी पात्याची बोथट झालेली धार पुन्हा तीक्ष्ण करण्यासाठी तिच्या कडेवर हलके आघात करावे लागतात. त्यासाठी दगडापेक्षा मऊ असे हाड उपयोगी पडते. अशा हाडावर आखूड, दाट खाचांचा एक पट्टा उमटतो. फ्रान्समधील ला किना येथे आँरी-मार्तँ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच असे तुकडे ओळखले होते. बेल्जियममधील स्क्लादिना गुहेच्या पाचव्या थरगटात असे धार-दुरुस्तीचे हाडी तुकडे मिळाले असून त्यांतील काही गुहा-अस्वलाच्या हाडांचे आहेत, हे ग्रेगरी आब्राम्स व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविले. त्यांतील काही तुकडे एकमेकांना जुळतात आणि ते एकाच मांडीच्या हाडाचे असल्याचे सिद्ध होते. म्हणजे निअँडरथल कारागिराने ताजे हाड हाती घेतले, ते फोडले आणि त्याच्या तुकड्यांवर आपली दगडी अवजारे दुरुस्त केली. एका माणसाचे किंवा लहानशा गटाचे एका बैठकीतील काम एवढ्या स्पष्टपणे दिसण्याचे प्रसंग प्रागितिहासात विरळच.

शिकारीचा प्रत्यक्ष पुरावा होले फेल्स गुहेतून मिळाला. तेथे २००० मध्ये सापडलेल्या गुहा-अस्वलाच्या छातीच्या मणक्यात गारगोटीच्या शस्त्राचे टोक रुतलेले होते. झुझाने म्युंत्सेल व निकोलस कोनार्ड यांनी या मणक्याचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. रेडिओकार्बन गणनेनुसार तो सुमारे २९ हजार वर्षांपूर्वीचा आहे. याच खोऱ्यातील गुहांमध्ये गुहा-अस्वलाच्या हाडांवर कापाच्या खुणा आढळतात. होले फेल्समधील जळालेल्या हाडांच्या थरावरून हाडांचा उपयोग इंधन म्हणूनही होत असे, असे दिसते. वृक्ष विरळ असलेल्या हिमयुगीन भूप्रदेशात चरबीयुक्त हाड हे इंधनाचे महत्त्वाचे साधन होते.

अलंकाराचे उदाहरण बल्गेरियातील बाचो किरो गुहेत आढळते. तेथील सुमारे ४५ हजार वर्षांपूर्वीच्या थरांतून गुहा-अस्वलाच्या दातांना छिद्रे पाडून किंवा खाचा करून बनविलेली लटकणे मिळाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ती आधुनिक मानवाची असून युरोपातील या मानवाच्या सर्वांत जुन्या अवशेषांशी निगडित आहेत. फ्रान्समधील शोव्हे गुहेत १९९४ मध्ये चित्रांसोबत दीडशेहून अधिक अस्वलांच्या कवट्या आढळल्या. त्यांपैकी एक छतावरून पडलेल्या मोठ्या दगडावर ठेवलेली आहे आणि ती मानवानेच ठेवली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अस्वलाला मानवाच्या भावविश्वात स्थान होते हे यातून जाणवते. तथापि एका कवटीवरून संपूर्ण धर्म उभा करण्याची घाई आता कोणी करीत नाही. ड्राखेनलोखपासून शोव्हेपर्यंतच्या प्रवासात अभ्यासकांनी मिळविलेला हा संयम आहे.

या पुराव्यांना आणखी एक गंभीर बाजू आहे. गुहा-अस्वल सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी नामशेष झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याच्या संख्येतील मोठी घट सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. आधुनिक मानव युरोपभर पसरला तो हाच काळ. त्यानंतरच्या तीव्र थंडीचा व वनस्पती कमी होण्याचा परिणामही झालाच असणार. परंतु गुहेच्या आश्रयासाठी मानवाशी स्पर्धा करणाऱ्या आणि झोपेत असताना सहज सापडणाऱ्या या प्राण्याच्या विनाशात मानवाचा वाटा किती, या प्रश्नाचे उत्तर हाडांवरच्या खुणा नीट वाचल्या गेल्या तरच मिळणार आहे.

भारतीय अभ्यासाच्या दृष्टीने

गुहा-अस्वल भारतात नव्हते. तरीही हाड वाचण्याचा हा प्रश्न भारतीय प्रागितिहासाला अपरिचित नाही. रॉबर्ट ब्रूस फूट व त्यांचे पुत्र हेन्री यांनी १८८४-८५ मध्ये आंध्र प्रदेशातील कर्नूल परिसरातील बिल्ला सुर्गम गुहांचे उत्खनन करून तेथे हाडांची अवजारे मिळाल्याचे नोंदविले. १९७० च्या दशकात एम. एल. के. मूर्ती यांच्या उत्खननांनी कर्नूलच्या गुहांतील अस्थी-अवजारांचा प्रश्न पुन्हा अभ्यासाच्या कक्षेत आणला. उत्तर प्रदेशातील बेलन खोऱ्यात लोहंदा नाला येथे मिळालेली हाडाची वस्तू काहींना मातृदेवतेची मूर्ती वाटते, तर काहींना मासे मारण्याचा काटेरी भाला. या वस्तूवरील मतभेद आणि दिव्ये बाबेविषयीचे मतभेद यांचे स्वरूप वेगळे नाही. दोन्ही ठिकाणी आकारावरून अर्थ लावण्याआधी पृष्ठभागावरील खुणांची तपासणी आवश्यक ठरते.

समारोप

गुहा-अस्वलाच्या हाडांविषयीच्या दोन शतकांच्या अभ्यासातून काही निष्कर्ष निघतात. पहिला, गुहेतील हाडांचे प्रमाण, त्यांची झीज किंवा त्यांची मांडणी हा मानवी कृतीचा स्वयंसिद्ध पुरावा नाही. अस्वले स्वतःच आपल्या पूर्वजांची हाडे हलवितात, मोडतात आणि गुळगुळीत करतात. दुसरा, प्रागैतिहासिक मानवाने या प्राण्याचे कातडे, मांस, मज्जा, हाडे व दात या सर्वांचा उपयोग केला, ही बाब श्योनिंगेनपासून बाचो किरोपर्यंतच्या पुराव्यांनी निश्चित झाली आहे. तिसरा, हा उपयोग मानवाच्या एकाच जातीपुरता मर्यादित नव्हता. निअँडरथल मानवाने अस्वलाची पूजा केली असे दाखविता येत नाही, परंतु त्याने अस्वलाला त्याच्या गुहेजवळ गाठले, कौशल्याने सोलले आणि त्याच्या हाडावर आपली अवजारे दुरुस्त केली, हे दाखविता येते.

निअँडरथलाला पूर्ण मानव ठरविण्याच्या इच्छेने त्याला पुजारी आणि वादक बनविण्यात आले, तर त्याला कमी लेखण्याच्या इच्छेने हे सर्व नाकारून त्याला मेलेल्या प्राण्यांवर जगणारा ठरविण्यात आले. दोन्ही टोके आधी ठरविलेल्या उत्तरांची होती. स्क्लादिनाच्या जुळणाऱ्या तुकड्यांनी या दोहोंपेक्षा वेगळे काही सांगितले. त्यांत धर्म नाही, संगीतही नाही. त्यांत ऋतू जाणणारा, प्राण्याच्या सवयी ओळखणारा आणि हातातील साहित्य वाया न घालविणारा एक कुशल माणूस आहे. लिखित साधनांचा आधार नसलेल्या काळाविषयी विद्यार्थ्यांसमोर बोलताना अस्वल-पूजेची आकर्षक कथा सांगणे सोपे असते. त्याऐवजी ती कथा कशी उभी राहिली, कशी कोसळली आणि तिच्या जागी हाडावरच्या कोणत्या लहान खुणा उरल्या, हे सांगितले गेले, तर इतिहासाची पद्धती विद्यार्थ्यांपर्यंत अधिक खरेपणाने पोहोचेल.